समोरच्या फ्लॅटमधली मुलगी स्टेशनचं नाव विचारते, तेव्हा काय करावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. मालाड पश्चिमेला तुमच्या मजल्यावर, समोरच्या टू बीएचकेमध्ये तीन महिन्यांपासून चार मुली आणि एक बाई भाड्याने राहतात. बाईला सगळ्या 'आंटी' म्हणतात. संध्याकाळनंतर अनोळखी पुरुषांची ये-जा सुरू होते. एक मुलगी पंधरा-सोळाची वाटते. सोसायटीची येत्या रविवारी मीटिंग आहे आणि मालकाला सांगून पंधरा दिवसांत फ्लॅट खाली करून घ्यायचं जवळजवळ ठरलेलं आहे. तुम्ही विचारता की पोलिसांना कळवावं का, कळवलं तर त्या मुलीचंच वाईट होईल का, आणि आपल्या घरच्यांना त्रास होईल का. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं तुम्ही लिहिलंय की कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवताना त्या लहान मुलीने तुम्हाला हळूच विचारलं, "यहाँ से कौनसा स्टेशन पास है?"

तुमच्या सगळ्या मजकुरात मला सर्वांत महत्त्वाची ही शेवटची ओळ वाटते. पुरुष येतात-जातात यावरून फार काही सिद्ध होत नाही. पण तीन महिने मालाडमध्ये राहून जिला आपण मालाडमध्ये आहोत हे माहीत नाही, तिला कोणीतरी बाहेर पडू दिलेलं नाही.

मी या कामात बावीस वर्षं आहे. सुरुवात कामाठीपुऱ्यात, तिथल्या बायकांच्या मुलांसाठी रात्री चालणाऱ्या केंद्रात झाली. पुढे छाप्यांच्या वेळी पोलिसांबरोबर जाणं, सुटलेल्या मुलींना घेऊन बाल कल्याण समितीपुढे बसणं, त्यांच्या गावी जाऊन गृहचौकशी करणं, असं सगळं केलं. त्या अनुभवावर सांगते. काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तिथे तिथे सांगेन.

सर्वांत आधी, तुमच्या इमारतीत दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र झालेत. सोसायटीचा प्रश्न आहे 'आपल्या बिल्डिंगचं नाव खराब होतंय'. दुसरा प्रश्न त्या मुलीचा आहे. फ्लॅट खाली करून घेतला की पहिला सुटतो आणि दुसरा आणखी बिघडतो. हे मी अंदाजाने म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी पश्चिम उपनगरातल्याच एका सोसायटीतून आम्हाला फोन आला होता. बुधवारी फोन आला, आम्ही पोलिसांशी बोलून शनिवारची तयारी केली. मधल्या दोन दिवसांत तिथल्या कमिटीने मालकाला सुनावलं, मालकाने एजंटला सांगितलं, एजंटने बाईला. शुक्रवारी रात्री एक टेम्पो आला आणि गेला. आम्ही पोचलो तेव्हा फ्लॅट झाडून ठेवलेला होता. बाथरूमच्या आरशाच्या कडेला चिकटवलेल्या सात-आठ टिकल्या तेवढ्या राहिल्या होत्या. ज्या मुलीसाठी फोन आला होता, ती आम्हाला आजपर्यंत सापडलेली नाही. सोसायटीच्या लोकांनी मात्र त्या रात्री सुटकेचा श्वास टाकला असणार. त्यांचा मला राग नाही, त्यांना खरंच वाटलं होतं की आपण योग्य तेच केलं.

हा धंदा कसा बदलला ते समजून घेतलं तर हे जास्त स्पष्ट होईल. पूर्वी कामाठीपुरा, फॉकलंड रोड, फोरास रोड ही ठिकाणं ठरलेली होती. मुलगी आणली की तिथेच आणणार हे पोलिसांना, संस्थांना, गिऱ्हाइकांना, सगळ्यांना ठाऊक. फेब्रुवारी १९९६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून कामाठीपुऱ्यात मोठे छापे पडले, चारशेहून अधिक मुली एका झटक्यात बाहेर काढल्या गेल्या. त्यात नेपाळच्या मुली खूप होत्या. तेव्हा माझ्या ज्येष्ठ सहकारी तिथे होत्या, त्या सांगतात की मुली काढल्या खऱ्या, पण त्यांना ठेवायचं कुठे, परत कसं पाठवायचं, याची तयारीच नव्हती. पुढे पुनर्विकास, वाढलेली भाडी, एड्सची भीती आणि मोबाइल यामुळे गल्ल्या ओसरत गेल्या. धंदा मात्र थांबला नाही, तो भाड्याच्या फ्लॅटमध्ये, लॉजमध्ये, मसाज पार्लरमध्ये शिरला. नालासोपारा, मीरा रोड, नवी मुंबई, कुठेही. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर फ्लॅट घ्यायचा, चार-पाच महिन्यांत बदलायचा. गिऱ्हाईक फोनवर ठरतं, मुलीचा फोटोही फोनवरच जातो. अशा माणसाला 'फ्लॅट खाली करा' ही धमकी वाटतच नाही. त्याला फक्त एक टेम्पो लागतो.

आता सावधपणाची गोष्ट. चार मुली एकत्र राहतात आणि त्यांच्याकडे पुरुष येतात, एवढ्यावरून कोणाला दलाल किंवा पीडित ठरवू नका. या शहरात नर्स, कॉल सेंटरवाल्या, सिरियलमध्ये काम शोधणाऱ्या हजारो मुली अशाच फ्लॅट वाटून राहतात आणि सोसायट्यांची नको ती नजर झेलतात. शिवाय एखादी सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने देहविक्री करत असेल तर तो आपल्या कायद्यात गुन्हा नाही. १९५६ च्या कायद्यात, ज्याला पोलीस 'पिटा' म्हणतात, गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, मुली आणणं, त्यांना डांबून ठेवणं. सार्वजनिक ठिकाणाजवळ धंदा करणं आणि गिऱ्हाईक बोलावणं यालाही शिक्षा आहे, पण घरात आपल्या मर्जीने राहणाऱ्या सज्ञान बाईचं असणं हाच गुन्हा, असं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुणींना सुधारगृहातून सोडताना हेच म्हटलं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२२ च्या आदेशात, न्यायालयानेच नेमलेल्या समितीची शिफारस नोंदवली आहे की छाप्यात सापडलेल्या सज्ञान, स्वखुशीने काम करणाऱ्या बायकांना अटक करू नये, त्रास देऊ नये.

म्हणून मी कोणालाही सांगते, किती पुरुष आले ते मोजू नका. किल्ली कोणाकडे आहे ते बघा. फ्लॅटला बाहेरून कुलूप लागतं का आणि आत माणसं असतानाही लागतं का? मुलगी एकटी खाली उतरते का, वाण्याकडे जाते का? तिच्या हातात स्वतःचा फोन दिसतो का? कोणी बोलायला गेलं तर उत्तर ती देते की बाई मध्येच उत्तर देते? आजारी पडली तर डॉक्टरकडे कोण नेतं आणि आत केबिनमध्ये कोण बसतं? एका छाप्यात मला चपलांच्या स्टँडवरून कळलं होतं. पाच बायका, चार जणींच्या चपला. पाचवी, सर्वांत लहान, तिला चपलाच नव्हत्या. आणताना होत्या त्या काढून घेतल्या आणि नंतर सात आठवडे तिला लागल्याच नाहीत. आम्ही खाली उतरलो तेव्हा तिथल्या महिला शिपायाने स्वतःच्या पिशवीतली जोडी तिला दिली, ती दोन नंबर मोठी होती.

अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत मात्र मर्जीचा प्रश्नच येत नाही. तिला मारलं होतं का, फसवलं होतं का, हे सिद्ध करत बसावं लागत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ मानवी तस्करीचं आहे, पूर्वी तेच भारतीय दंड संहितेत ३७० होतं. बालकाच्या तस्करीला किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि कमाल जन्मठेप आहे. त्याशिवाय पोक्सो, म्हणजे बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा, लागतो. आणि पोक्सोचं कलम १९ तुमच्या कमिटीने वाचावं असं आहे, कारण बालकावर लैंगिक गुन्हा होत असल्याची माहिती किंवा धास्ती असलेल्या कोणीही ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवण्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. उलट चांगल्या हेतूने कळवलं आणि नंतर तसं काही निघालं नाही, तर कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे 'उगाच लफड्यात कशाला पडा' या विचाराने गप्प राहून फ्लॅट खाली करून घेणं हेच कायद्याच्या दृष्टीने जास्त धोक्याचं आहे.

तुम्ही काय करायचं, ते सांगते. एक वही घ्या. मोबाइलमध्ये नको, फोन घरात दहा हातांत जातो. त्यात तारीख आणि वेळ टाकून जे डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहा. 'धंदा चालतो' असं लिहू नका, 'रात्री साडेनऊला दोन पुरुष आले, दहा-वीसला गेले, बाईने दार उघडलं' असं लिहा. मुलीने स्टेशन विचारलं तो दिवस, वेळ आणि तिचे शब्द हिंदीतच, जसेच्या तसे. विंग, मजला, फ्लॅट नंबर. एकदा आमच्या बातमीत विंग चुकली होती आणि पोलीस एका म्हाताऱ्या जोडप्याच्या दारात उभे राहिले. बी विंगच्या गॅलरीतून ते सगळं दिसत होतं, आणि आम्ही तिकडे जाईपर्यंत दोन मुलींना जिन्याने खाली नेलेलं होतं. म्हणून हे बारकावे. गाडीचे नंबर, फ्लॅटला दुसरं दार किंवा सर्व्हिस जिना आहे का, वॉचमनची पाळी कधी बदलते, गर्दी साधारण कधी असते, हेही लिहा. मालकाचं नाव आणि एजंटचं नाव सोसायटीच्या रजिस्टरमध्ये असेल. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली आहे का, हे सेक्रेटरींना कळू न देता पाहता आलं तर पाहा, नाही तर राहू द्या.

घरकामाच्या बाईंशी बोलता आलं तर उत्तम. माझ्या अनुभवात, बिल्डिंगमध्ये काय चाललंय ते सर्वांत आधी कामवाल्या बाईला कळतं आणि तिला कोणी विचारत नाही. पण तिला हेर बनवू नका, तिचं काम त्या फ्लॅटमध्येही असेल तर तिची रोजी जाईल, मार खाईल. सहज विचारा, ती सांगेल तेवढं ऐका.

काय करू नये, तेही तितकंच महत्त्वाचं. त्या मुलीला दारात गाठून 'तुला कोणी आणलं' असं विचारू नका. मी समजू शकते, तुम्हाला तिला आपल्या घरात ओढून घ्यावंसं वाटलं असेल. पण दार बंद झाल्यावर तिला आत काय सोसावं लागेल ते आपल्याला दिसत नाही. तिचा फोटो काढू नका आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर काहीच टाकू नका. पोक्सो आणि बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि आपल्या ग्रुपवरची गोष्ट तासाभरात त्या बाईपर्यंत पोचते, कारण मालकही त्याच ग्रुपवर असतो.

आता कळवायचं कोणाला? जिवाला तातडीचा धोका दिसला, मारहाणीचा आवाज आला, मुलीला कुठे घेऊन जाताना दिसले, तर सरळ ११२. लहान मुलांसाठी १०९८ आहेच. ही सेवा १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. पण तातडी नसेल, आणि तुमच्या वर्णनावरून आत्ता या क्षणी ती नाही, तर माझा सल्ला आहे की नेहमीच्या चौकीत जाऊन तोंडी सांगू नका. यात स्थानिक पोलिसांवर सरसकट अविश्वास नाही. कारण साधं आहे. पिटा कायद्याखाली छापा घालून झडती घेण्याचा अधिकार ज्या विशेष पोलीस अधिकाऱ्याला असतो, तो निरीक्षकाच्या दर्जाखालचा चालत नाही. तुम्ही चौकीत सांगितलंत तर बहुतेक वेळा एक शिपाई 'चौकशीला' पाठवला जातो. तो बिचारा प्रामाणिकपणे बेल वाजवतो, आधार कार्ड बघतो, निघून जातो. त्या एका बेलने सगळं हातचं जातं. त्यापेक्षा गुन्हे शाखेच्या समाजसेवा शाखेकडे किंवा अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावाने, लेखी द्या. या विषयावर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेमार्फत गेलात तर आणखी बरं. संस्थेला माहीत असतं की कोणता अधिकारी अशी माहिती पोटात ठेवतो. माहिती तुमच्याकडून आली हे कागदावर येऊ द्यायचं नसेल तर तसंही स्पष्ट सांगा.

पुढे काय होतं? चांगल्या पद्धतीने झालं तर पोलीस आधी खात्री करतात. मग बनावट गिऱ्हाईक पाठवतात, त्यांच्या बोलीत 'पंटर'. त्याच्याकडच्या नोटांचे नंबर पंचांसमोर आधीच लिहून घेतलेले असतात. इशारा आला की टीम आत जाते. बरोबर किमान दोन महिला पोलीस असायला हव्यात आणि पंचांमध्ये एक तरी बाई. तुम्ही पंच व्हावं का? नको. शेजारी पंच झाला की त्याला कोर्टात उभं राहावं लागतं आणि तुम्ही ज्या त्रासाला घाबरता तो तिथून सुरू होऊ शकतो. पोलीस पंच दुसरीकडून आणू शकतात.

तुमचा खरा प्रश्न, मुलीचं वाईट होईल का. खरं सांगायचं तर सुटकेनंतरचे पहिले काही दिवस तिला वाईटच जातात. ती तुमचे आभार मानणार नाही. बहुतेक मुली छाप्यात म्हणतात, 'मी एकोणीसची आहे, खुशीने आले.' हे त्यांच्याकडून घोटवून घेतलेलं असतं. पोलीस आले तर तुलाच जेलमध्ये टाकतील, घरी फोटो पाठवू, तुझ्यावर पन्नास हजारांचं कर्ज आहे ते बहिणीकडून वसूल करू, असं रोज कानावर पडलेलं असतं. वयाचा पहिला पुरावा शाळेचा दाखला, तो नसेल तर जन्माची नोंद, आणि दोन्ही नसतील तेव्हाच हाडांची तपासणी. त्या तपासणीत एक-दोन वर्षं इकडेतिकडे होतात, म्हणून शाळेचा कागद शोधायला आम्ही जिवाचं रान करतो.

अठराच्या आत निघाली तर चोवीस तासांत तिला बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. ती आरोपी नसते, तिला काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक मानतात. आज हे उघड वाटतं, पण पूर्वी तसं नव्हतं. २००२ साली प्रेरणा या संस्थेच्या याचिकेवर आपल्या उच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं आणि एक फार मोलाची गोष्ट केली, दलालाचा वकील तोच मुलीचा वकील असू शकत नाही, हे ठरवून दिलं. तोपर्यंत असं होत असे की ज्याने विकली त्याचाच वकील तिला 'सोडवून' पुन्हा त्याच माडीवर पोचवायचा.

ही चाल अजून संपलेली नाही, फक्त रूप बदललं. छाप्यानंतर दोन-तीन दिवसांत कोणीतरी येतं. मावशी, काकी, मोठी बहीण. रडत येते, हातात कागद असतात. एका समितीपुढे मी बसले होते तेव्हा एक 'मावशी' शाळेचा दाखला घेऊन आली. दाखला दहा वर्षांपूर्वीचा, लॅमिनेशन मात्र कालचं, कडा अजून तीक्ष्ण होत्या. मुलीने मान वर केली नाही. समितीतल्या बाईंनी काही न बोलता दाखल्यावरच्या गावच्या शाळेचा नंबर शोधून फोन लावला. तिकडून मास्तर म्हणाले, आमच्याकडे त्या क्रमांकाचं रजिस्टरच नाही. मावशी पाणी पिऊन येते म्हणून गेली ती गेलीच. म्हणून मुलीला लगेच घरी पाठवत नाहीत. आधी गृहचौकशी होते, कारण काही वेळा विकणारं माणूस घरातलंच असतं. या चौकशीला उशीर होतो, महिने जातात, बालगृहात मुली कंटाळतात, चिडतात, पळायलाही बघतात. हा आमच्या कामातला सर्वांत कच्चा दुवा आहे आणि मी तो तुमच्यापासून लपवणार नाही. पण तरीही, कंटाळलेली मुलगी बालगृहात असते तेव्हा तिला डॉक्टर असतो, समुपदेशक असते, आणि तिचं वय सोळा आहे हे कागदावर असतं.

बाकीच्या तिघी सज्ञान असतील तर त्यांचं वेगळं. त्यांना मॅजिस्ट्रेटपुढे नेलं जातं आणि त्यांचं म्हणणं ऐकलं जायला हवं. एखादी म्हणेल मला जायचंय, एखादी म्हणेल मला मदत हवी. मदत हवी असणारीसाठी शक्ती सदन ही सरकारी योजनेतली निवारागृहं आहेत, तस्करीतून सुटलेल्यांसाठीची जुनी उज्ज्वला योजना आता त्यातच सामील झाली आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून नुकसानभरपाईसाठी अर्ज करता येतो. ज्या म्हणतील आम्ही मर्जीने आहोत, त्यांच्यावर सुटका लादायची नाही. माझे काही सहकारी यावर माझ्याशी वाद घालतात. पण बावीस वर्षांत मी पाहिलंय, कोंडून ठेवलेली सज्ञान बाई बाहेर पडते ती थेट जुन्या ठिकाणी जाते आणि पुढच्या वेळी आमच्याशी बोलत नाही. अल्पवयीन मुलीची पहिली बातमी आम्हाला अनेकदा याच बायकांनी दिली आहे.

तुम्ही लिहिलंय की कमिटीतले एक गृहस्थ म्हणतात, 'बांगलादेशी असणार, तशीच तक्रार करू.' कृपा करून हे होऊ देऊ नका. असेलही ती सीमेपलीकडची, मुंबईत अशा मुली आणल्या जातातच. पण तक्रार घुसखोरीची झाली तर पोलीस तिला आरोपी म्हणून उचलतील, तिला आणणारा बाजूलाच राहील. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१२ मध्येच राज्यांना कळवलंय की तस्करीची बळी ठरलेल्या परदेशी बाईवर तेव्हाच्या परदेशी नागरिक कायद्याखाली खटला चालवू नये. तुमच्या तक्रारीच्या पहिल्या वाक्यात 'अल्पवयीन मुलगी' आणि 'डांबून ठेवल्याचा संशय' हे शब्द हवेत. ती कुठली, तिचा धर्म कोणता, याची तिथे गरज नाही.

तुमच्या घरच्यांच्या सुरक्षिततेबद्दल. धोका शून्य आहे असं म्हणणार नाही. पण सूड घेण्याचे जे प्रकार मी पाहिले ते बहुतेक त्या माणसांवर झाले ज्यांनी आधी दारात जाऊन भांडण केलं होतं किंवा मीटिंगमध्ये मोठ्याने नाव घेतलं होतं. गुपचूप माहिती देणारा शेजारी कोण, हे सहसा कळतच नाही, कारण चाळीस फ्लॅटपैकी कोणीही असू शकतो. घरी मुलांना सांगू नका. बोलायचंच असेल तर नवऱ्याशी किंवा एका विश्वासाच्या माणसाशी बोला, एकटीने एवढं ओझं वागवणं सोपं नसतं.

म्हणजे आज रात्री वही, उद्या लेखी तक्रार, आणि फ्लॅट खाली करायची भाषा छाप्यापर्यंत बंद. यातलं तिसरं तुम्हाला सर्वांत जड जाईल, कारण ते एकट्या तुमच्या हातात नाही. रविवारच्या मीटिंगबद्दल सेक्रेटरींना खरं कारण सांगायचं की नाही, हे त्यांचा स्वभाव पाहून तुम्हीच ठरवा. मालकाशी त्यांची बसउठ असेल तर सांगू नका. पाण्याच्या टाकीचा, लिफ्टच्या कंत्राटाचा विषय आधी घ्या म्हणावं, भाडेकरूंचा विषय पुढच्या महिन्यात. सोसायटीच्या मीटिंगा एरवीही पुढे ढकलल्या जातातच, कोणाला वेगळं वाटणार नाही. आणि तोवर त्या फ्लॅटकडे बघण्यात, लिफ्टमध्ये त्या बाईला नमस्कार करण्यात फरक पडू देऊ नका. तिच्या नजरेला तोच फरक सर्वांत आधी दिसतो.

तुम्ही त्या मुलीला काय उत्तर दिलंत ते लिहिलेलं नाही. गडबडून दार लावून घेतलं असेल तर मनाला लावून घेऊ नका, बहुतेक जण तेच करतात. तिने पुन्हा विचारलं आणि आसपास कोणी नसेल तर सांगा: मालाड, रिक्षाने दहा मिनिटं, पोलिसांना फोन ११२. आश्वासन देऊ नका, 'घाबरू नकोस'सुद्धा म्हणू नका, तिला ते थांबून ऐकायला वेळ नसेल. मग दार लावा आणि वहीत वेळ लिहा.